तत्त्वज्ञान आणि तर्कशास्त्राच्या वाचकांनी कोणत्या कथा-कादंबऱ्या वाचाव्यात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कपाटात ह्यूम, कांट, विट्गेनश्टाइन, न्यायसूत्रं आणि तर्कशास्त्राचं एखादं जाडजूड पाठ्यपुस्तक आहे, पण कथा-कादंबऱ्यांचा कप्पा जवळजवळ रिकामा आहे, अशा वाचकांसाठी हे पान आहे. उत्तरांमध्ये आवडनिवड आहे आणि ती लपवलेली नाही. कथेचा शेवट उघड करणं टाळलं आहे. जिथे टाळता आलं नाही तिथे तसं आधी सांगितलं आहे.

मला युक्तिवाद वाचायला आवडतात. खोट्या माणसांच्या खोट्या गोष्टी कशाला वाचू?

वाचताच आहात की! प्लेटोची गुहा, देकार्तचा फसवणारा राक्षस, सर्लची चिनी खोली, रुळांवर बांधलेली पाच माणसं आणि सुसाट येणारी ट्रॉली, या सगळ्या गोष्टीच आहेत. तत्त्वज्ञ गोष्ट लागेल तेवढीच सांगतो आणि निष्कर्ष हाती आला की उठून जातो. रुळांवरच्या पाच जणांना नावं नसतात. खटका ओढणाऱ्याला त्या रात्री झोप लागली का, हे कुणी विचारत नाही. कादंबरीकार तिथून पुढे सुरू करतो, आणि पुष्कळदा असं दिसतं की मूळ प्रयोगात जे 'गैरलागू' म्हणून वगळलं होतं तेच निर्णायक होतं.

न्यायदर्शनातलं पाच अवयवांचं अनुमान आठवा. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथे अग्नी आहे, एवढं म्हणून नैयायिकाचं समाधान होत नाही. 'जसं स्वयंपाकघर' हे त्याला म्हणावंच लागतं, कारण उदाहरण हा अनुमानाचा अवयव आहे, वर लावलेली शोभा नव्हे. चांगली कादंबरी म्हणजे फार लांबलेलं उदाहरण, आणि फार चांगली असेल तर प्रतिउदाहरण.

'तात्त्विक कादंबरी' म्हणजे पात्रं ईश्वर, मृत्यू आणि स्वातंत्र्यावर गप्पा मारतात ती का?

तशा पुष्कळ आहेत आणि बहुतेक कंटाळवाण्या आहेत. एक साधी कसोटी लावा. गोष्टीतला मुद्दा दोन ओळींत काढून घ्या. उरलेली गोष्ट फेकून दिल्यावर काहीच गमावल्यासारखं वाटत नसेल, तर लेखकाने निबंध लिहायला हवा होता.

कसोटीला उतरणारं एक उदाहरण देतो. टेड चियांगची 'डिव्हिजन बाय झीरो' (१९९१) ही छोटी कथा. रने ही गणितज्ञ आहे. अंकगणित स्वतःशीच विसंगत आहे, कोणतीही संख्या कोणत्याही संख्येइतकी आहे, याची सिद्धता तिला सापडते. जिच्यावर तिचं आयुष्य उभं होतं ती गोष्टच पोकळ निघते. तिकडे तिच्या नवऱ्याचंही तिच्याबद्दलचं काहीतरी आतून ढासळतंय. कथेची प्रकरणं १, १अ, १ब अशी चालतात: नुसत्या आकड्याखाली गणिताच्या इतिहासातला एक तुकडा, 'अ'मध्ये ती, 'ब'मध्ये तो. शेवटच्या प्रकरणाचं शीर्षक आहे '९अ=९ब'. त्या बरोबरच्या चिन्हात काय दडलंय हे आधीची सगळी प्रकरणं वाचल्याशिवाय कळत नाही. दोन ओळींचा सारांश इथे करताच येत नाही, आणि हवं आहे ते हेच.

सुरुवात कुठून करू?

बोर्हेसपासून. या पानावरचं हे एकच उत्तर बिनशर्त आहे. अर्जेंटिनाच्या होर्हे लुइस बोर्हेस यांनी कादंबरी लिहिलीच नाही. त्यांच्या कथा पाच-पंधरा पानांच्या आहेत, आणि 'फिक्सिओनेस' (१९४४) हा संग्रह तुमच्यासारख्यांसाठीच लिहिल्यासारखा वाटतो.

'बाबेलचं ग्रंथालय' घ्या. षटकोनी खोल्यांचं, संपता न संपणारं ग्रंथालय. प्रत्येक पुस्तक ४१० पानांचं, पानावर ४० ओळी, ओळीत साधारण ८० अक्षरं, आणि चिन्हं एकूण २५. ही चिन्हं जितक्या प्रकारे मांडता येतील तितकी सगळी पुस्तकं तिथे आहेत. कागद-पेन घेऊन बसा: एका पुस्तकात १३,१२,००० अक्षरं, म्हणून पुस्तकांची संख्या २५ चा १३,१२,००० वा घात. हा आकडा लिहायलाच अठरा लाखांहून जास्त अंक लागतात. ग्रंथालय सान्त आहे, पण त्याचा माणसाला काही उपयोग नाही. त्यात तुमच्या मृत्यूची खरी हकीकत आहे आणि असंख्य खोट्याही. ग्रंथालयाची अचूक सूची आहे, ती सूची चुकीची असल्याची सिद्धता आहे आणि त्या सिद्धतेचं खंडनही. सगळंच म्हटलेलं आहे, म्हणजे काहीच सांगितलेलं नाही. माहिती आणि अर्थ यांतला फरक मला कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा इथे नीट कळला.

दुसरी कथा 'फुनेस'ची. घोड्यावरून पडून जायबंदी झालेला एक तरुण, ज्याला तेव्हापासून काहीच विसरता येत नाही. तीन वाजून चौदा मिनिटांनी बाजूने दिसलेला कुत्रा आणि तीन पंधराला समोरून दिसलेला कुत्रा यांना एकच नाव का, याचा त्याला त्रास होतो. तो स्वतःची संख्यापद्धती काढतो: सात हजार तेराला 'माक्सिमो पेरेस' म्हणायचं! प्रत्येक संख्येला वेगळं विशेषनाम. ती पद्धती म्हणजे पद्धतीचा पूर्ण अभाव, हे त्याला समजावता येत नाही. सामान्य आणि विशेष, जाती आणि व्यक्ती यांवर वैशेषिकांपासून विट्गेनश्टाइनपर्यंत जे वाचलं असेल ते सगळं या दहा पानांत ठणकतं. फुनेसकडे जगातले सगळे तपशील आहेत, आणि म्हणूनच बिचाऱ्याला विचार करता येत नाही.

त्यानंतर 'त्लोन' वाचा. तिथल्या लोकांच्या भाषेत नामंच नाहीत, कारण त्यांच्या लेखी वस्तू टिकून राहत नाहीत. बर्कलीचा चिद्वाद (जे काही आहे ते मनातच, हे मत) खरा मानणाऱ्यांचं जग कसं दिसेल, त्याचा हा विश्वकोशी थाटातला आराखडा आहे.

तत्त्वज्ञान राहू द्या, मला शुद्ध तर्काचा खेळ हवा आहे.

मग लुईस कॅरल. ॲलिसच्या दोन्ही पुस्तकांना (१८६५ आणि १८७१) मुलांची म्हणून बाजूला ठेवू नका. लेखक ऑक्सफर्डमध्ये गणित शिकवत होता आणि त्याने तर्कशास्त्रावर स्वतंत्र पुस्तकंही लिहिली. 'रस्त्यावर कुणी नाही' हे दिसल्याबद्दल राजा ॲलिसच्या नजरेचं कौतुक करतो: 'कुणी नाही'सुद्धा दिसावं, आणि तेही इतक्या लांबून! परिमाणकाला ('सगळे', 'कुणी नाही' अशा, किती ते सांगणाऱ्या शब्दाला) नाम समजण्याची ही चूक पुढे विश्लेषक तत्त्वज्ञांनी गंभीर चेहऱ्याने सोडवली.

पण त्याची खरी रत्नासारखी गोष्ट म्हणजे कासव आणि अकिलीस यांचा संवाद. ती 'माइंड' या तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकात १८९५ साली छापून आली. जेमतेम तीन-चार पानं. कासव म्हणतं, पहिलं विधान मान्य: एकाच वस्तूशी समान असलेल्या वस्तू परस्परांशी समान असतात. दुसरं मान्य: या त्रिकोणाच्या दोन बाजू एकाच वस्तूशी समान आहेत. पण त्या दोन बाजू परस्परांशी समान आहेत, हा निष्कर्ष मी का मानू? अकिलीस म्हणतो, पहिली दोन खरी असतील तर निष्कर्ष खराच असला पाहिजे. कासव म्हणतं, छान, हेही वहीत लिहून घे, तिसरं विधान म्हणून. तेही मान्य. आता तिन्ही मान्य आहेत, पण निष्कर्ष का मानू? वही भरत जाते. अनुमानाचा नियम हे आणखी एक आधारविधान नसतं, ही गोष्ट त्या वहीकडे बघत बसल्यावर अंगात मुरते.

रेमंड स्मलियन यांची कोड्यांची पुस्तकं (पहिलं 'व्हॉट इज द नेम ऑफ धिस बुक?', १९७८) काटेकोरपणे कथा नाहीत. पण नेहमी खरं बोलणाऱ्यांच्या आणि नेहमी खोटं बोलणाऱ्यांच्या बेटावरून सुरुवात करून तो माणूस तुम्हाला हसतखेळत गोडेलच्या प्रमेयापर्यंत (काही खरी विधानं सिद्ध करता येत नाहीत, इथपर्यंत) नेतो.

आता एक अनपेक्षित शिफारस: बेकेटची 'मोलॉय' (१९५१). तिच्यात एक प्रसंग आहे. नायकाकडे चोखायचे सोळा दगड आहेत आणि चार खिसे. एकही दगड दुसऱ्यांदा तोंडात जाण्याआधी बाकीचे पंधरा चोखून झाले पाहिजेत, अशी त्याची अट. चार-चार दगड प्रत्येक खिशात ठेवून फिरवत राहिलं तर तेच चार दगड परत परत येण्याची शक्यता राहते. मग तो वेगवेगळ्या योजना आखतो, प्रत्येकीतला दोष शोधतो, पुन्हा आखतो. हे सगळं पानंच्या पानं, संपूर्ण गांभीर्याने. हसून हसून पुरेवाट होते. मग हळूच ध्यानात येतं की दगडांची चव सारखीच आहे.

डिटेक्टिव्ह कथा तर्कप्रेमींसाठी सगळ्यात योग्य नाहीत का?

वेळ चांगला जातो, पण तर्कशास्त्र शिकायला नको. शेरलॉक होम्स ज्याला निगमन (आधारविधानांतून अटळपणे निघणारा निष्कर्ष) म्हणतो ते बहुतेक वेळा निगमन नसतंच. समोर आलेल्या खुणांचं सर्वात पटण्याजोगं स्पष्टीकरण तो निवडतो. चार्ल्स पर्स या तत्त्वज्ञाने अशा अनुमानाला वेगळं स्थान दिलं होतं. होम्सचं स्पष्टीकरण खरं ठरतं, कारण लेखक त्याच्या बाजूने आहे.

ज्यात हेच गृहीतक उलटं टांगलंय अशा दोन गोष्टी आवर्जून वाचा. बोर्हेसची 'मृत्यू आणि होकायंत्र', जिच्यात गुप्तहेराची नीटस रचनांची आवडच कथेला वळण देते. आणि उंबेर्तो एको यांची 'द नेम ऑफ द रोज' (१९८०): १३२७ सालचा मठ, एकामागून एक मृत्यू, चक्रव्यूहासारखं ग्रंथालय आणि ॲरिस्टॉटलचा विनोदावरचा हरवलेला ग्रंथ. एको चिन्हमीमांसेचे प्राध्यापक होते. खुणा कशाच्या असतात, आणि खुणांमध्ये दिसणारी रचना जगात असते की बघणाऱ्याच्या डोक्यात, हा या कादंबरीचा गाभा आहे. पहिली शंभरेक पानं जड जातात. मध्ययुगीन धर्मवाद कंटाळवाणे वाटले तर खुशाल भरभर उलटा, खून थांबत नाहीत.

आपल्या जुन्या साहित्यात असं काही आहे का?

आहे, आणि लहानपणी चित्रकथेत वाचून संपवलं असं समजून आपण ते सोडून दिलंय. वेतालपंचविशी पुन्हा उघडा. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने 'कथासरित्सागरा'त सांगितलेली आवृत्ती मोठ्यांसाठीच आहे. आधी चौकट बघा. राजाला उत्तर माहीत असून तो गप्प राहिला तर त्याचं डोकं फुटणार, आणि बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर. सुटायचा मार्ग एकच, उत्तर खरोखरच माहीत नसणं. ज्ञान हीच शिक्षा असलेला हा सापळा कुणा तर्कशास्त्रज्ञाच्या डोक्यातून निघाल्यासारखा आहे.

धडं बदललेल्या माणसांची कथा घ्या. देवळात एका बाईचा नवरा आणि भाऊ दोघंही स्वतःचं मस्तक उतरवतात. देवीच्या वराने ती बाई मस्तकं जोडते, पण गडबडीत अदलाबदल होते. आता नवरा कोणता? राजा म्हणतो, मस्तक ज्याच्यावर नवऱ्याचं तो, कारण अवयवांमध्ये मस्तक श्रेष्ठ. लॉकने राजपुत्राचा आत्मा चांभाराच्या देहात घातला त्याच्या कितीतरी शतकं आधी व्यक्तीच्या ओळखीचा प्रश्न इथे उभा आहे. टोमास मान यांनी १९४० साली यावर लघुकादंबरी लिहिली आणि वेताळाचा राजा जिथे थांबला तिथून पुढचं विचारलं: नव्या मस्तकाखालचं धड तसंच राहील का?

शेवटाकडची कथा तर निव्वळ नातेसंबंधांचं तर्कशास्त्र आहे. (इथे उलगडा आहे.) बाप आणि मुलगा, दोघांनाही बायको नाही म्हणू या. त्यांना दोन स्त्रियांच्या पावलांचे ठसे दिसतात. मोठ्या पावलांची बापाने करायची, लहान पावलांची मुलाने, असं दोघांत ठरतं. भेटल्यावर कळतं की त्या मायलेकी आहेत आणि मोठी पावलं लेकीची आहेत. ठरल्याप्रमाणे लग्नं होतात, दोघींना मुलं होतात. आता ती मुलं एकमेकांची कोण? राजा निमूट चालत राहतो. कागदावर वंशवृक्ष काढून बघा, तुम्हीही निमूट व्हाल.

दुसरं नाव महानुभावांच्या 'दृष्टांतपाठा'चं. तेराव्या शतकातली मराठी, चक्रधरांचे दृष्टांत, केशिराजांची मांडणी. आधी सूत्र, मग दृष्टांत, मग त्या दृष्टांताने काय सिद्ध झालं ते दार्ष्टांतिक. विचारप्रयोग कसा लिहावा याचा इतका आटोपशीर साचा दुसरीकडे क्वचितच सापडेल. दृष्टांत चार-सहा ओळींचा असतो आणि त्यात एकही जादा शब्द नसतो. हे गद्य मोठ्याने वाचा.

आणि आधुनिक मराठीत?

जी. ए. कुलकर्णी, अर्थातच. 'काजळमाया' (१९७२), 'रमलखुणा' आणि 'पिंगळावेळ' हे तीन संग्रह. जी. एं.ना नुसतं 'नियतिवादी' म्हणून मोकळं होणाऱ्यांनी 'पिंगळावेळ'मधली 'स्वामी' नीट वाचावी. आडगावी अडकलेल्या एका प्रवाशाला अत्यंत आदराने एका मठात नेतात आणि जमिनीखालच्या खोलीत कोंडतात. आता तोच स्वामी. खाणंपिणं, मानमरातब, कशाचीही कमी नाही, फक्त बाहेर पडता येणार नाही. स्वातंत्र्य म्हणजे हवं ते मिळणं, की दार उघडता येणं? कथा हा प्रश्न एकदाही विचारत नाही आणि शेवटपर्यंत सोडतही नाही. 'रमलखुणा'मधल्या 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दोन दीर्घकथा त्यानंतर घ्या.

श्याम मनोहर हे पदार्थविज्ञान शिकवणारे कादंबरीकार. त्यांच्या कादंबऱ्यांमधली साधी माणसं अचानक 'मला काय माहीत आहे?' यावर अडखळतात. वाक्यं छोटी, सपाट, जवळजवळ बालिश. पहिल्या वीस पानांत लेखक आपली थट्टा करतोय असं वाटेल. करतोच. 'कळ' किंवा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली 'उत्सुकतेने मी झोपलो' यांपैकी काहीही चालेल. ज्ञानाची भूक नसलेल्या समाजात ज्ञानमीमांसा कशी दिसेल, हे मला दुसऱ्या कुठल्याच भाषेत वाचायला मिळालेलं नाही.

जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा शक्य-जगांची आवड असणाऱ्यांनी चुकवू नये. १७६१ सालच्या लढाईत विश्वासरावांना लागलेली गोळी दुसऱ्या एका जगात चाटून जाते, आणि एक इतिहासकार त्या जगात जाऊन पोचतो. तत्त्वज्ञ डेव्हिड लुइस यांचं 'असं झालं असतं तर'चं तर्कशास्त्र वाचलं असेल तर ही कथा वेगळीच चमकते. गद्य साधं आहे, शैलीसाठी वाचू नका.

काफ्का आवडत असेल तर विलास सारंग. काम्यू आवडत असेल आणि 'कोसला' वाचली नसेल, तर या पानावर काय करताय?

विज्ञानकथांमध्ये नेमकं काय निवडू?

ज्यांत यंत्रांपेक्षा गृहीतकं बदललेली असतात त्या.

स्तानिस्वाव लेम यांचं 'सोलॅरिस' (१९६१) पहिलं. एका ग्रहावर एकच महासागर आहे आणि तो बहुधा सजीव आहे. माणसं त्याचा पिढ्यान् पिढ्या अभ्यास करतात, त्याच्या हालचालींची वर्गवारी करतात, सिद्धान्त मांडतात, सिद्धान्तांचे पंथ होतात, पंथांची भांडणं होतात. आणि महासागराबद्दल काहीच कळलेलं नसतं. चित्रपट पाहिलेले लोक प्रेमकथा आठवतात. पुस्तकात मात्र नायक ग्रंथालयात बसून जुने अहवाल चाळतो ती प्रकरणं सर्वात थरारक आहेत. त्याच लेखकाचं 'हिज मास्टर्स व्हॉइस' (१९६८) याहून कठीण. अवकाशातून आलेला न्यूट्रिनोंचा संदेश, तो उलगडणारे शास्त्रज्ञ, आणि निवेदक एक गणितज्ञ. संदेश आहे की नाही, हेच उपलब्ध पुराव्यावरून ठरत नाही. पुराव्याने सिद्धान्त निश्चित होत नाही ही गोष्ट तत्त्वज्ञ क्वाइनकडून वाचलेली असते, इथे ती अंगावर येते.

एडविन ॲबट यांची 'फ्लॅटलँड' (१८८४) एका बैठकीत होते. निवेदक चौरस आहे, द्विमितीत राहणारा. एक गोल येऊन त्याला तिसरी मिती दाखवतो. चौरस हुशार. तो म्हणतो, रेषेला दोन टोकं, मला चार कोपरे, घनाला आठ, म्हणजे पुढच्या आकृतीला सोळा असणार. चला, चौथी मिती दाखवा. गोलाला राग येतो. आपल्या क्षितिजापलीकडे काही नाही असं मानण्याची खोड ज्ञान्यालाही असते, हे इतक्या कमी शब्दांत कुणी सांगितलेलं नाही.

उर्सुला ल ग्विन यांची ओमेलास नगरीची कथा (१९७३) उपयुक्ततावादावर (जास्तीत जास्त सुख ज्याने मिळेल ते योग्य, या मतावर) लिहिलेल्या कोणत्याही लेखासोबत ठेवावी. संपूर्ण शहराचं सुख, आणि त्याची किंमत म्हणून तळघरात कोंडलेलं एक मूल. मूळ कल्पना विल्यम जेम्सच्या निबंधातली. जेम्सने ती एका वाक्यात उरकली, ल ग्विन तुम्हाला तळघराच्या दाराशी उभं करते.

दोस्तोयव्हस्की वाचलाच पाहिजे का? फार जाड आहे.

'नोट्स फ्रॉम अंडरग्राउंड' (१८६४) जाड नाही. माणसाला त्याचं हित नीट समजावलं की तो विवेकाने वागेल, या तेव्हाच्या आवडत्या सिद्धान्तावर तो हल्ला आहे. निवेदक म्हणतो, माझ्या सगळ्या इच्छांचा तक्ता तुम्ही आधीच मांडून ठेवलात, तर केवळ तो तक्ता खोटा ठरवायला मी मुद्दाम वेडेपणा करेन. तर्कशास्त्राच्या वाचकाला इथे लगेच ओळखीचा वास येतो: स्वतःबद्दलचं भाकीत वाचू शकणाऱ्याचं भाकीत करता येतं का? दोन दुणे चारचा त्याला राग आहे, कारण त्यापुढे करायला काही उरत नाही.

'ब्रदर्स कारामाझोव्ह' (१८८०) सवडीने घ्या. श्रद्धाळू लेखकाने ईश्वराविरुद्धचा युक्तिवाद इव्हानच्या तोंडी घातला, तो इतका जोरकस की अनेकांना पुढची उत्तरं फिकी वाटतात. आपल्याकडे पूर्वपक्ष (आधी मांडायची विरोधकाची बाजू) असाच मांडायची रीत होती, प्रतिपक्षाला स्वतःला जमला नसता इतका चांगला.

मग आयन रँड?

'ॲटलस श्रग्ड' (१९५७) तरुण वयात अनेकांना झपाटते, त्यात वाईट काही नाही. माझी तक्रार तिच्या मतांबद्दल नाहीच. तिच्या पुस्तकात पूर्वपक्षच नाही. विरोधक भित्रे, मूर्ख आणि दिसायलाही बेढब. तर्काचा एवढा गौरव करणाऱ्या कादंबरीत एकही तुल्यबळ वाद नसावा? शेवटाकडचं रेडिओवरचं लांबलचक भाषण वर दिलेल्या कसोटीला लावून बघा.

व्होल्तेरच्या 'कांदीद'मध्येही (१७५९) लायब्निट्झवर अन्यायच आहे. 'शक्य जगांतलं हे सर्वोत्तम जग' या सिद्धान्ताचं तिथे विडंबन होतं, खंडन होत नाही. पण ते पुस्तक विडंबन म्हणूनच समोर येतं आणि दीडशे पानांच्या आत आटोपतं.

तत्त्वज्ञांनी स्वतः लिहिलेल्या कादंबऱ्या?

सार्त्रची 'नॉशिया' (१९३८) तुकड्यातुकड्यांत चांगली. चेस्टनटच्या मुळाशी घडणारा प्रसंग वाचा, बाकी राहिली तरी चालेल. आयरिस मर्डॉक ऑक्सफर्डमध्ये तत्त्वज्ञान शिकवत होत्या, आणि त्यांच्या कादंबऱ्यांत तत्त्वज्ञान शोधावं लागतं, म्हणून त्या अधिक चांगल्या. 'अंडर द नेट'पासून (१९५४) सुरुवात करा.

'सोफीज वर्ल्ड' आणि 'गोडेल, एशर, बाख' यांचं नाव कसं नाही?

पहिलं (१९९१) तत्त्वज्ञानाच्या इतिहासाची गोड शिकवणी आहे. तो इतिहास तुम्हाला माहीत आहे, तेव्हा मधली दोनशे पानं उजळणी वाटेल. भाच्याला द्या. दुसरं (१९७९) कादंबरी नाही, पण त्यातले संवाद कथेच्या तोडीचे आहेत. पात्रं कॅरलकडून उसनी घेतलेली, तेच अकिलीस आणि कासव. पुढून मागून सारखाच वाचता येणारा खेकड्याचा संवाद नुसता तेवढाच वाचला तरी पैसे वसूल.

या गोष्टींतली माणसं मला पुठ्ठ्याची वाटतात. दोष माझा की लेखकाचा?

बोर्हेस आणि ॲबट यांच्याकडे खरंच पुठ्ठ्याची आहेत, आणि तशीच हवीत. तिथे कल्पना हेच पात्र असतं. चियांग, दोस्तोयव्हस्की, मर्डॉक, जी. ए. यांच्याकडे तशी वाटत असतील तर बहुधा तुम्ही वाचताना प्रमेय शोधत पुढे पळताय. एखादं पात्र स्वतःच्या मताविरुद्ध वागतं ती जागा 'विसंगती' म्हणून समासात नोंदवून पुढे जाऊ नका. तिथे थांबा. विसंगत विधानांपासून काहीही सिद्ध होतं हे तर्कशास्त्रात खरं, पण विसंगत माणूस काहीही करत नाही, तो काहीतरी ठरावीकच करतो. ते का, हा कादंबरीचा विषय असतो.

निवेदकच खोटं बोलत असेल तर कशावर विश्वास ठेवायचा?

स्मलियनच्या बेटावर जसं करता तसंच: तो खरं बोलतोय असं धरून बघा, खोटं बोलतोय असं धरून बघा, आणि दोन्हींत काय टिकतं ते पाहा. फरक एवढाच की इथला माणूस कधी खरं बोलतो, कधी खोटं, आणि कधी त्याचं त्यालाच ठाऊक नसतं.

मूळ भाषा, इंग्रजी की मराठी अनुवाद?

ज्या भाषेत डोकं भरभर चालतं ती. कल्पनेवर उभ्या असलेल्या कथा अनुवादात फारशा गळत नाहीत. भाषेच्याच खेळावर उभ्या असलेल्या गळतात, किंवा नवीनच जन्म घेतात. जॉर्ज पेरेक यांनी १९६९ साली फ्रेंचमध्ये एक आख्खी कादंबरी 'ई' (e) हे अक्षर न वापरता लिहिली. इंग्रजी अनुवादकानेही 'ई' टाळला. स्पॅनिश अनुवादकांनी मात्र 'ए' (a) गाळला, जे स्पॅनिशमध्ये सर्वाधिक येणाऱ्या अक्षरांपैकी आहे. निष्ठा अक्षराशी ठेवायची की बंधनाशी, यावर एक संध्याकाळ सहज जाईल.

आठवड्यातून दोन-तीन तासच मिळतात. क्रम सांगा.

पहिल्या महिन्यात फक्त छोट्या गोष्टी: कॅरलचं कासव, 'फुनेस', 'बाबेलचं ग्रंथालय', ओमेलास, 'डिव्हिजन बाय झीरो', 'स्वामी'. यांतली एकही आवडली नाही तर कथा-कादंबरी तुमच्यासाठी नाही असं समजायला हरकत नाही, आणि त्यात कमीपणा नाही. आवडल्या तर 'फ्लॅटलँड' आणि 'नोट्स फ्रॉम अंडरग्राउंड'. मग 'सोलॅरिस'. त्यानंतर काल्विनोची 'इन्व्हिजिबल सिटीज' (१९७२). तिच्यातली ५५ शहरं नऊ प्रकरणांत एका गणिती क्रमाने मांडलेली आहेत. अनुक्रमणिका बघून तो नियम आधी स्वतः शोधा, मग पुस्तक वाचा. 'द नेम ऑफ द रोज' सुट्टीसाठी राखून ठेवा.

रॉबर्ट मुसिल यांची 'द मॅन विदाउट क्वालिटीज' एवढ्यात हाती घेऊ नका. लेखक इंजिनिअर, डॉक्टरेट भौतिकशास्त्रज्ञ माखच्या तत्त्वज्ञानावर, नायक गणितज्ञ. म्हणजे सगळं तुमच्या आवडीचं. पण ती हजारो पानं लिहूनही त्यांच्या हातून पूर्ण झाली नाही.